सातशे किलोमीटरचा कोळसा

नाशिक जिल्ह्याच्या जमिनीत दगडी कोळसा नाही. सह्याद्रीच्या पायथ्यापासून पूर्वेकडे पसरलेला हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाचा. महाराष्ट्राचा कोळसा पार दुसऱ्या टोकाला, नागपूरजवळच्या कामठी-उमरेडला आणि वर्धा नदीच्या खोऱ्यात वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या पट्ट्यात. तरीही एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्रात १९७० पासून कोळसा जळतो आहे. नाशिक रोडची माणसे या केंद्राला नुसते ‘थर्मल’ म्हणतात. बल्लारशाहून इथपर्यंत रेल्वेने साधारण सातशे किलोमीटर होतात. आज तिथे प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. ते पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला दीड कोटी युनिट वीज तयार होते. एका युनिटला पाऊण किलो कोळसा धरला, तर रोज अकरा हजार टनांच्या आसपास, म्हणजे मालगाडीचे तीन भरलेले रेक.

देशाच्या कोळसाउद्योगाचा आढावा नाशिकमधून घेण्याचे कारण हेच आहे. खाणीजवळ उभे राहिले की कोळसा किती निघतो एवढेच दिसते. तो किती लांब न्यावा लागतो, भाडे कोण भरतो आणि शेवटी घेतो कोण, हे दुसऱ्या टोकाला उभे राहिल्यावर दिसते. या उद्योगाच्या अडीचशे वर्षांतली जवळजवळ प्रत्येक कलाटणी याच तीन गोष्टींनी दिली आहे. जमिनीखालच्या साठ्याने ती क्वचितच दिली.

सुरुवातच पाहा. ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन समनर आणि सुएटोनियस ग्रँट हीटली यांनी १७७४ मध्ये दामोदर नदीकाठी राणीगंजला कोळसा काढायला घेतला. कोळसा होता, पण घेणारा नव्हता. पुढची पन्नास वर्षे हा धंदा रडतखडत चालला. द्वारकानाथ टागोरांनी १८३६ मध्ये राणीगंजची खाण विकत घेतली, १८४३ मध्ये बंगाल कोल कंपनी उभी राहिली, आणि तरीही कोळसा नदीच्या पाण्यावर, होड्यांच्या भरवशावर कलकत्त्याला जात होता. १८५५ मध्ये हावडा-राणीगंज रेल्वे सुरू झाली आणि चित्र पालटले. रेल्वेने कोळसा वाहिला आणि रेल्वेनेच तो सर्वांत जास्त जाळला. १९०० पर्यंत देशाचे वार्षिक उत्पादन ६० लाख टनांपुढे गेले.

आपल्याकडची गोष्ट कमी सांगितली जाते. वरोऱ्याची खाण सरकारने १८७० च्या दशकात सुरू केली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून खास रेल्वेचा फाटा टाकला. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे वऱ्हाडचा कापूस होता, तसाच जवळचा कोळसाही होता. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील लोखंडावरचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्कृष्ट, वरोऱ्याचा कोळसा हाताशी; पोलादाचा कारखाना इथेच व्हावा असे त्यांच्या मनाने घेतले. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासले गेले, तेव्हा तो लोखंड वितळवायला उपयोगाचा नाही असे निघाले. विदर्भाच्या कोळशात राख जास्त, आणि त्याचा कठीण कोक होत नाही. पोलादाचे स्वप्न पंचवीस वर्षे लांबले आणि शेवटी झरियाच्या कोळशाजवळ, साकचीला गेले. तेच आजचे जमशेदपूर. चांद्याच्या वाट्याला इंधनाचा कोळसा आला, त्यावर उभा राहणारा उद्योग आला नाही. विदर्भाच्या आर्थिक इतिहासात या एका तपासणीला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, असे मला वाटते. वरोऱ्याची खाण १९०६ च्या सुमारास बंद झाली. तोवर बल्लारपूरचे काम सुरू झाले होते.

पश्चिम किनाऱ्याचा हिशेब निराळाच. मुंबईच्या गिरण्यांना बंगालचा कोळसा हवा असेल तर तो एक तर पूर्ण देश ओलांडून रेल्वेने यायचा, नाही तर कलकत्त्याहून जहाजाने वळसा घालून. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण आफ्रिकेतील नाताळचा कोळसा दर्बानहून समुद्रमार्गे येऊन मुंबई बंदरात झरियाच्या कोळशाशी स्पर्धा करू लागला. प्रश्न इतका पेटला की सरकारला कोळसा समिती नेमावी लागली आणि १९२५ मध्ये निर्यातीच्या कोळशाची प्रत ठरवणारे मंडळ स्थापावे लागले. देशात अमाप कोळसा असूनही देशाचे सर्वांत मोठे औद्योगिक शहर परक्या कोळशाकडे वळते, कारण अंतर. टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज तयार करून १९१५ पासून गिरण्यांना दिली, त्यामागेही हीच अडचण होती.

घाटातही तेच झाले. थळघाटातून रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली. वाफेच्या इंजिनांना तो चढ जड जाई, कोळसा आणि पाणी दोन्ही बेसुमार लागे. १९३० पर्यंत मुंबई-इगतपुरी मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि इगतपुरी हे इंजिन बदलण्याचे मोठे ठाणे बनले: घाटात वीज, इगतपुरीच्या पुढे वाफ. घाटातला धूर थांबला तरी कोळसा थांबला नव्हता. तो आता ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाउसमध्ये जळत होता, आणि तिथली वीज तारेतून घाट चढत होती. कोळसा न्यायचा की त्याची वीज करून ती न्यायची, हा प्रश्न नाशिक जिल्ह्याने एवढ्या लवकर पाहिला होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५६ च्या औद्योगिक धोरणात कोळसा सरकारी क्षेत्राकडे ठेवला आणि त्याच वर्षी रेल्वेच्या खाणी एकत्र करून राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ काढले. जुन्या खासगी खाणी मात्र खासगीच राहिल्या, आणि त्यांची अवस्था वाईट होती. लहान लहान पट्टे, अपुरे भांडवल. वरचा चांगला थर ओरबाडायचा, छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांबही काढून घ्यायचे, पोकळीत वाळू भरायची नाही, आग लागली की खाण सोडून पुढे जायचे. झरियाच्या जमिनीखाली शंभर वर्षांहून अधिक काळ धुमसणाऱ्या आगी हा त्याच कारभाराचा वारसा. कामगारांना ठरलेले वेतन मिळत नसे, भविष्यनिर्वाह निधी बुडवला जाई.

राष्ट्रीयीकरण दोन टप्प्यांत झाले. ऑक्टोबर १९७१ मध्ये पोलादासाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले. १ मे १९७२ रोजी अशा २१४ खाणींची मालकी सरकारकडे आली. जानेवारी १९७३ च्या अखेरीस उरलेल्या खाणींचा ताबा घेण्यात आला आणि १ मे १९७३ पासून ७११ खाणी सरकारी झाल्या. विदर्भातल्या खासगी खाणी त्यांतच होत्या. या निर्णयामागची बुद्धी आणि निर्धार होता तत्कालीन पोलाद व खाणमंत्री मोहन कुमारमंगलम यांचा. त्याच वर्षी ३१ मे रोजी दिल्लीजवळच्या विमान अपघातात ते गेले. ज्याने घडी बसवायची तोच राहिला नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. तेव्हा तिचे वार्षिक उत्पादन ७ कोटी ९० लाख टन होते. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली ‘वेकोलि’, ही तिचीच उपकंपनी.

राष्ट्रीयीकरण आवश्यक होते, हे माझे ठाम मत आहे. खाणकामगाराला कायम नोकरी, क्वार्टर, दवाखाना मिळाला. पण मालक बदलला म्हणून खाण सुरक्षित झाली नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाणी घुसले आणि ३७५ कामगार बुडाले. ती खाण सरकारच्याच ताब्यात होती.

याच काळात गिऱ्हाईकही बदलले. रेल्वे डिझेलकडे आणि विजेकडे वळली, वाफेची इंजिने मागे पडत गेली. कोळशाचा मुख्य ग्राहक म्हणून वीजमंडळे पुढे आली. १९७३ च्या तेलसंकटाने तर कोळशाशिवाय गत्यंतर ठेवले नाही. महाराष्ट्रात परळी, कोराडी, भुसावळ, मग चंद्रपूर आणि खापरखेडा अशी केंद्रे उभी राहिली. एकलहरे त्यांतले सुरुवातीचे: १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७०-७१ मध्ये आणि २१० मेगावॅटचे तीन १९७९ ते १९८१ या काळात. सातपूरची औद्योगिक वसाहत, ओझरचा विमान कारखाना, विहिरींवर बसणारे मोटारपंप, यांना वीज हवी होती. गोदावरीचे पाणी होते, मुंबईकडे जाणारा लोहमार्ग होता. लांबवर वीज नेणाऱ्या उच्च दाबाच्या तारा मात्र तोकड्या होत्या. त्या दिवसांत कोळसा गाडीत घालून मागणीच्या दारात आणणे हाच शहाणपणा होता.

हा हिशेब १९९९ मध्ये बदलला. चंद्रपूर ते पडघा ही साडेसातशे किलोमीटरची, १५०० मेगावॅट क्षमतेची एकदिश विद्युतवाहिनी सुरू झाली. चंद्रपूरच्या खाणीशेजारी वीज करायची आणि मुंबईच्या वेशीवर उतरवायची. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे जोडले गेले आणि सगळ्या देशाचे एकच वीजजाळे झाले. आता वीजकेंद्र मागणीजवळ असण्याची पूर्वीसारखी गरज उरली नाही. वीज घेताना स्वस्त संच आधी आणि महाग नंतर, हा ‘मेरिट ऑर्डर’चा नियम आहे. सातशे किलोमीटरचे भाडे आणि जुनी यंत्रे घेऊन एकलहरे त्या रांगेत मागे पडते. मागणी कमी असली की संच बंद ठेवा असा निरोप येतो. हा इथल्या अभियंत्यांचा आणि कामगारांचा दोष नाही. पंचेचाळीस वर्षांचे संच त्यांनी ज्या कसोशीने चालते ठेवले आहेत, त्याची दखल फारशी कोणी घेत नाही.

सिन्नरची कहाणी याहून कठोर आहे. गुळवंच परिसरातील विशेष आर्थिक क्षेत्रात २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॅट, खासगी कंपनीने उभे केले. चिमण्या उभ्या राहिल्या, पण दीर्घ मुदतीचा वीजखरेदी करार झाला नाही आणि कोळसा आणणारा रेल्वेचा फाटा शेतकऱ्यांच्या जमिनींच्या वादात अडकला. प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. अलीकडे एनटीपीसी आणि महानिर्मिती या सरकारी कंपन्या तो घ्यायला एकत्र पुढे आल्या. त्यात अडकलेल्या पैशात बँकांचाही पैसा होता, म्हणजे ठेवीदारांचा. घेणारा आणि वाट या दोन गोष्टी नक्की न करता यंत्रे विकत घेण्याचे धाडस त्या दशकात देशभर झाले. सिन्नर हा त्याचा आपल्या दारातला पुरावा.

त्या धाडसामागे कोळशाच्या पट्ट्यांचे वाटप होते. १९९३ च्या दुरुस्तीने वीज कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी खाणी घेण्याची मुभा मिळाली. लिलाव नव्हता, छाननी समिती पट्टे देत होती. चंद्रपूरचे तत्कालीन खासदार हंसराज अहीर यांनी हा विषय लावून धरला. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये खासगी कंपन्यांना मिळालेल्या लाभाचा अंदाज १ लाख ८६ हजार कोटी रुपये सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये यांतले दोनशेहून अधिक पट्टे रद्द केले. त्यानंतर लिलाव आले आणि २०२० पासून वापराच्या अटीविना कोळसा विकण्यासाठी खासगी कंपन्यांना खाणी मिळू लागल्या. १९७३ चे वर्तुळ तिथे उलटे फिरले.

उत्पादनाच्या आकड्यांत हा काळ भरभराटीचा आहे. २०२४-२५ मध्ये देशाने पहिल्यांदा १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. तरी आकडा आणि कोळसा एकाच वेळी पोहोचत नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये अनेक केंद्रांत चार दिवसांचाही साठा उरला नव्हता. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या रेकना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. खाणीच्या तोंडाशी ढीग होते. कमी पडले ते डबे आणि रूळ.

या भरभराटीची दुसरी बाजू चंद्रपूर-यवतमाळात पाहावी लागते, आणि नाशिककरांनी ती पाहिलीच पाहिजे. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी बहुतेक कोळसा भूमिगत खाणींतून यायचा. आज कोल इंडियाचा ९५ टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून येतो. उघडी खाण स्वस्त पडते, माणसे कमी लागतात, पण ती शेत खाते. वर्धेच्या आणि इरईच्या काठी काळ्या कसदार जमिनींवर आज खोदलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. दोन एकरांमागे एक नोकरी हा वेकोलिचा नियम. ज्याची जमीन दीड एकर त्याने कुठे जावे, आणि मजुरी करणाऱ्या भूमिहीनाचे तर नावच यादीत येत नाही. घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. कोल इंडियाच्या कायम कामगारांची संख्या १९९० च्या सुमारास साडेसहा लाखांवर होती, ती आता सव्वादोन लाखांच्या घरात आहे. उत्पादन मात्र कित्येक पटींनी वाढले. यंत्रे आली हे खरे, पण मोठा भाग ठेकेदारांच्या कामगारांनी उचलला. १९७३ ने जी सुरक्षितता दिली, ती या कामगारांपर्यंत पोहोचलेली नाही.

भद्रावती तालुक्यातील बरांजचा कोळसा कर्नाटकच्या वीज कंपनीसाठी काढला जातो, आणि महाराष्ट्राच्या महानिर्मितीला छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात गारे पेल्मा हा पट्टा मिळाला आहे. तिथली झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा २०२५ मध्ये आदिवासी गावांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. तो कोळसा कोराडी, चंद्रपूर, परळीसाठी आहे, म्हणजे आपल्या विजेसाठी. ताडोब्याजवळचा बांदेर पट्टा विरोधानंतर २०२० मध्ये लिलावातून वगळला गेला. वाघाच्या जंगलासाठी आपण जो आवाज उठवला, तो गारे पेल्माच्या गावांसाठी का उठला नाही, हे मला टोचते.

आता पुढचे. बंद झालेल्या पहिल्या दोन संचांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच मिळावा ही एकलहऱ्याची मागणी अनेक वर्षांची आहे. कामगार संघटना, आसपासची गावे, सगळ्या पक्षांचे पुढारी तिच्यासाठी एकत्र येतात. थर्मलने या परिसराला शाळा, वसाहत, बाजारपेठ दिली, त्यामुळे या मागणीतली तळमळ मला पूर्ण कळते. पण ती मागणी चुकीची आहे, असे स्पष्ट म्हणायची वेळ आली आहे. नवा संच पंचवीस-तीस वर्षे चालवावा लागेल, आणि त्यातला प्रत्येक दिवस सातशे किलोमीटरच्या भाड्याचा असेल. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्याची राज्याची योजना १६ हजार मेगावॅटची आहे. ती जसजशी उभी राहील तसतशी दुपारची मागणी कोळशाकडून निघून जाईल. कोळशाच्या संचांना दुपारी मंद जळायचे आणि सूर्य मावळला की जोर धरायचा, असे चालावे लागेल. ते काम खाणीजवळचे नवे संच करू शकतात. किंवा घाटघरसारखे, पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडणारे प्रकल्प करू शकतात. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून सह्याद्रीच्या कड्यावर चालू आहे, आणि तशा कड्यांची नाशिकच्या पश्चिमेला वाण नाही.

एकलहऱ्याकडे आजही जे मोलाचे आहे ते म्हणजे तारा. शेकडो मेगावॅट वीज आत-बाहेर करू शकणारे उपकेंद्र, सरकारी मालकीची जमीन आणि वीजकेंद्र चालवण्यात मुरलेली माणसे. दुपारची सौरवीज साठवून संध्याकाळी देणारे मोठे बॅटरी केंद्र उभारायला याहून तयार जागा उत्तर महाराष्ट्रात कमीच असतील. त्याला रेकची वाट पाहावी लागणार नाही.

त्याआधी राखेचा हिशेब आहे. आपल्या कोळशात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राख असते. म्हणजे विदर्भातून आलेल्या प्रत्येक तीन रेकमागे एक रेकभर राख इथेच राहिली. काही विटांत आणि सिमेंटात गेली, उरलेली बंधाऱ्यात साचली. उन्हाळी वाऱ्यात ती आसपासच्या द्राक्षबागांवर आणि भाजीपाल्यावर बसते, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये आणि पुढे वाढून ४०० रुपये उपकर घेतला गेला, तो स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. २०१७ पासून तो पैसा जीएसटीच्या भरपाईकडे वळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरच संपला. ज्या गावांनी राख सोसली त्यांना त्यातले काय मिळाले, हे विचारण्याचा हक्क त्यांना आहे.

ब्रिटनने आपले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले. तिथल्या खाणगावांना १९८० च्या दशकात जी वागणूक मिळाली, तिच्या जखमा अजून भरलेल्या नाहीत, कारण खाणी बंद करण्याची तारीख ठरली आणि माणसांचे काय करायचे ते ठरले नाही. भारतात अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची आहे. इथे तो अनेक वर्षे जळणार आहे. पण एकलहऱ्यासारखी दूरची, जुनी केंद्रे आधी थांबतील, आणि ती एक दिवस नुसता निरोप येऊन थांबू नयेत. वीजदराच्या प्रस्तावावर वीज नियामक आयोग हरकती मागवतो, सुनावण्या घेतो. संच निवृत्त करण्याची तारीख, ठेकेदारांकडच्या कामगारांची नावनिशीवार यादी आणि त्यांची पुढची सोय, राखेचा बंधारा झाकण्याचा खर्च आणि तो कोण देणार, उपकेंद्राचा पुढचा वापर: हे चार मुद्दे लेखी मांडले की एकलहरे चालवणाऱ्या महानिर्मितीला त्यांची लेखी उत्तरे द्यावी लागतील. ६६० मेगावॅटच्या मागणीसाठी जी एकजूट नाशिकने दाखवली, ती या चार मुद्द्यांसाठी उभी राहायला हवी, आणि तीही पुढचा दरप्रस्ताव येण्याच्या आत.